एका घरातले दोन कान

पत्र : डॉक्टरसाहेब, मी भांडुपला राहते आणि नोकरीसाठी रोज दादरला जाते. होळीच्या चार दिवस आधी संध्याकाळी घरी परतताना लेडीज डब्यात दाराशी उभी होते. शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान बाहेरून कोणीतरी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी फेकली आणि ती थेट माझ्या डाव्या कानावर बसली. मोठा आवाज झाला, क्षणभर गरगरले, कानातून थोडे रक्त आले आणि कानाला जो दडा बसला तो अजून सुटलेला नाही. बारीक शीळ वाजल्यासारखा आवाजही येतो. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंच्या आग्रहामुळे एका रात्री लसूण घालून कोमट केलेल्या खोबरेल तेलाचे दोन थेंब घातले. आठवड्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी पडद्याला छिद्र असल्याचे सांगून ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची चाचणी) करून घेतली आणि लगेच ऑपरेशनची तारीख घ्या, असे सांगितले. कागद सोबत जोडले आहेत. हा पडदा आपोआप भरून येईल का? मेच्या मध्यावर चुलत बहिणीच्या लग्नाला विमानाने नागपूरला जायचे आहे, ते जमेल का? घरी काळजी बोलून दाखवली तर ५८ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, ‘माझा उजवा कान लहानपणापासून फुटतो, पडदा जन्मभर फाटकाच आहे, मला काय झाले?’ त्यांना मधुमेह आहे, पावसाळ्यात त्यांचा कान हमखास वाहतो आणि अलीकडे त्याला वासही येतो.
— एक वाचक, भांडुप

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतचे कागद पाडव्याच्या दिवशी वाचले, म्हणजे आपल्या कानाला दुखापत होऊन तेव्हा जवळजवळ तीन आठवडे झाले होते. आपल्या घरात ‘फाटका पडदा’ हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या आजारांना दिले गेले आहे आणि त्यामुळे काळजीची वाटणीही उलटी झाली आहे, असे माझे मत आहे. ज्या कानाला सध्या हात लावू नये, त्याच्यासाठी ऑपरेशनची तारीख घेण्याची घाई चालली आहे. आणि ज्या कानाला एव्हाना कोणीतरी नीट पाहायला हवे होते, तो मात्र ‘मला काय झाले’ या वाक्याच्या आड सुखाने वाहतो आहे. मी आपले कान प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, तेव्हा पुढे जे लिहितो ते आपण पाठवलेल्या कागदांवरून आणि वर्णनावरून लिहितो आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आधी आपला कान. कानाचा पडदा म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची, मिलिमीटरच्या एक दशांश जाडीची, मोतिया करड्या रंगाची आणि मधोमध किंचित आत ओढल्यासारखी दिसणारी चकती असते. एवढ्या जाडीतही तिचे तीन थर असतात : बाहेरच्या बाजूला त्वचा, आतल्या बाजूला मध्यकर्णाचे ओलसर अस्तर आणि या दोहोंच्या मध्ये पडद्याला ताण देणाऱ्या तंतूंचा थर. पडद्याला हातोडी नावाच्या हाडाचा दांडा चिकटलेला असतो, हातोडीला ऐरण आणि ऐरणीला रिकीब; रिकिबीचा तळवा आंतरकर्णाच्या खिडकीवर टेकलेला असतो. पडद्याचा कंप पावणारा भाग या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठा असल्यामुळे हवेतील क्षीण लहरी एका लहानशा जागी एकवटतात आणि आतील द्रवाला हलवण्याइतक्या जोरकस होतात. पडद्याला छिद्र पडले की हे एकवटणे कमी पडते, आणि शिवाय जो आवाज पडद्यावर अडायला हवा तो थोडाफार छिद्रातून आत शिरून आंतरकर्णाच्या दुसऱ्या खिडकीवर आदळतो. आपल्याला जाणवणारा दडा हा बहुतांशी याचाच परिणाम आहे.

पिशवीने पडदा कसा फाटला, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, कारण पिशवी कानाच्या आत गेलीच नव्हती. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते. पाण्याने भरलेली लिबलिबीत पिशवी कानावर आपटली की ती नळीचे तोंड बुचासारखे बंद करते आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट नसल्यामुळे थेट पडद्यावर दाबली जाते. कानशिलात बसणाऱ्या चपराकीनेही पडदा असाच फाटतो. मारणारी बहुतेक माणसे उजव्या हाताची असल्यामुळे चपराकीचे रुग्ण आमच्याकडे बहुधा डावा कान धरून येतात. कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब, पाण्यात चुकीच्या कोनात मारलेली उडी, सर्दी असताना विमान उतरताना बदलणारा दाब, कानात कापसाचा बड घालून बसलेल्याला लागलेला धक्का, फुटपाथवर कानकोरणे घेऊन बसणाऱ्यांचा उत्साह, ही कारणे आपल्या शहराला नवी नाहीत. वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेले छिद्र मात्र या सर्वांपासून वेगळे मानावे लागते, कारण वितळलेल्या धातूने कडाच भाजून निघतात आणि ते सहसा आपोआप भरत नाही.

आता आपल्या कागदांकडे वळतो. तपासणीच्या चिठ्ठीत छिद्र पडद्याच्या खालच्या भागात असून पडद्याच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान आहे, असे लिहिले आहे आणि शेजारी काढलेल्या आकृतीत ते कडेपासून दूर दाखवले आहे. ऑडिओमेट्रीच्या आलेखावर डाव्या कानाच्या दोन रेघा आहेत. हवेतून गेलेला आवाज किती ऐकू आला हे सांगणारी रेघ ३० डेसिबलच्या आसपास घसरलेली आहे, तर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तपासलेली दुसरी रेघ जागच्या जागी, निरोगी पातळीवर आहे. या दोन रेघांमधले अंतर आवाज आत पोहोचवण्याच्या वाटेत बिघाड असल्याचे दाखवते. आवाज ओळखणारा आंतरकर्ण आणि त्याची नस शाबूत आहेत, हे दुसरी रेघ दाखवते. जोराच्या आघाताने आंतरकर्णाला इजा झाली असती तर ती दुसरी रेघही खाली आली असती, आणि ते नुकसान पडदा शिवूनही भरून निघाले नसते. नेमके हेच पाहण्यासाठी अशा दुखापतीनंतर ऑडिओमेट्री लवकर करून घ्यावी लागते, आणि आपल्या तज्ज्ञांनी ती करून घेतली हे त्यांनी योग्यच केले. छिद्र लहान असताना ३० डेसिबल ही घट मी थोडी जास्त मानतो, पण सुरुवातीच्या दिवसांत पडद्यामागे रक्त किंवा पाणी साचलेले असते आणि तेवढ्यानेही काही डेसिबल जातात. म्हणून हा आकडा पुढच्या तपासणीत पुन्हा पाहावा लागेल. पडदा भरल्यानंतरही ही दरी कायम राहिली, तर हाडांच्या साखळीचा सांधा निखळला आहे का, हे शोधावे लागेल. आपल्याला येणारी शीळ अशा दुखापतींत पुष्कळ वेळा येते आणि बहुधा काही आठवड्यांत विरत जाते.

आपला मुख्य प्रश्न असा आहे की, पडदा आपोआप भरतो का? भरतो, आणि आघाताने पडलेली, संसर्ग न झालेली, लहान छिद्रे तर मोठ्या संख्येने भरतात. बहुतेक चार ते आठ आठवड्यांत, काही तीन महिन्यांपर्यंत. पण तो कसा भरतो हे समजून घेतल्याशिवाय मी पुढे जे पथ्य सांगणार आहे त्याचा अर्थ लागणार नाही. शरीरावरची त्वचा जिथे तयार होते तिथेच जाड होऊन झडते. पडद्यावरची त्वचा मात्र चालते. पडद्याच्या मध्यापासून ती कडेकडे आणि तिथून नळीच्या भिंतींवरून बाहेर सरकत जाते, साधारण नखे वाढतात त्या संथपणे. मळ बाहेर आणून टाकण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे, आणि म्हणूनच निरोगी कान कोरायची गरज नसते. छिद्र पडले की त्याच्या कडेची त्वचा झपाट्याने वाढू लागते आणि पातळ खपलीचा आधार घेऊन समोरच्या कडेकडे सरकते. मधला तंतूंचा थर तिच्या मागून, बराच मंदपणे येतो, आणि कधी येतच नाही. त्यामुळे भरून आलेला पडदा त्या जागी आयुष्यभर थोडा पातळ राहू शकतो. खपली पुढे बाहेरच्या दिशेने सरकत जाऊन मळाबरोबर निघून जाते.

ही शर्यत हरते ती एका विशिष्ट प्रकारे. छिद्र भरण्याआधीच बाहेरची त्वचा कडेवरून आत वळली आणि आतल्या ओलसर अस्तराला जाऊन भेटली, की शरीराच्या दृष्टीने जखम संपली. कड चारी बाजूंनी शिवल्यासारखी बंद होते, वाढ थांबते, आणि छिद्र तसेच राहते. पाणी, संसर्ग आणि वारंवार होणारा स्पर्श या तिन्ही गोष्टी खपली काढून टाकतात किंवा वाढणारी त्वचा कुजवतात. आपल्या कानात त्या दिवशी बाहेरचे, कुठले कोण जाणे, पाणी शिरले असण्याची शक्यता आहेच. तरीही तीन आठवड्यांत कानातून पू आला नाही, ठणका लागला नाही, याला मी मोठे शुभलक्षण मानतो.

त्यामुळे लगेच ऑपरेशनची तारीख घेण्याचे कारण मला आपल्या कागदांत दिसत नाही. आपल्या तज्ज्ञांनी दुर्बिणीतून काही वेगळे पाहिले असेल, उदाहरणार्थ कडा आत दुमडलेल्या असतील, तर सुरुवातीच्या काळात त्या हलक्या हाताने सरळ करून त्यावर ठिगळ ठेवतात, आणि तसे असल्यास त्यांनी ते आपल्याला स्पष्ट सांगावे, असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तसे नसेल तर दुखापतीपासून सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी, म्हणजे मेअखेरीस, दुसऱ्यांदा कान पाहून घ्यावा. ऑपरेशनचा विषय त्या दुसऱ्या तपासणीच्या आधी निघू नये. मधल्या काळात चक्कर येऊन भिंत धरावी लागली, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, ऐकू येणे अचानक आणखी कमी झाले, कानातून पू येऊ लागला किंवा तापासह कानामागे सूज आली, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डोक्याला मार लागल्यानंतर कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्राव गळत असेल तर तो मेंदूभोवतीचा असू शकतो, हे आपल्याला लागू नसले तरी वाचकांनी लक्षात ठेवावे.

पथ्य एका शब्दात सांगायचे तर कोरडेपणा. अंघोळीच्या वेळी, विशेषतः डोक्यावरून पाणी घेताना, कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये चांगला माखून कानाच्या तोंडाशी बसवावा आणि अंघोळ होताच काढून टाकावा. दिवसभर कानात कोरडा कापूस कोंबून लोकलमध्ये उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहतो. मुंबईच्या घामट हवेत तो कापूस ओल धरतो आणि त्याखाली बुरशी वाढते, तेव्हा तसे करू नये. पोहणे बंद. नाक जोराने शिंकरू नये आणि शिंक नाक दाबून अडवू नये, कारण घशातून मध्यकर्णात जाणाऱ्या नलिकेतून हवा वर फेकली जाते आणि ताज्या खपलीला आतून धक्का देते. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. कानात बड, पिन, काडी, टॉवेलचे टोक यांपैकी काहीही घालू नये.

काकूंच्या तेलाबद्दल आपण थोडे संकोचून लिहिले आहे, असे मला वाटले. मायेपोटी घातलेले तेल म्हणून त्यांच्यावर रागावू नये, पण पुन्हा घालूही नये. पडदा शाबूत असतो तेव्हा कोमट तेल बाहेरच राहते; छिद्र असताना ते निर्जंतुक नसलेल्या लसणाच्या कणांसह मध्यकर्णात उतरते. हीच गोष्ट औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या थेंबांची. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब छिद्रातून आत गेले तर आंतरकर्णाला विषारी ठरू शकतात. संसर्ग झालाच तर आम्ही अशा कानात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब देतो, आणि तेही संसर्ग असेल तेव्हाच, ठरावीक दिवस. मळ विरघळवणारे थेंब आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांना छिद्र असलेल्या कानात जागा नाही. संसर्ग नसलेल्या कोरड्या छिद्राला कोणत्याही थेंबांची गरज नसते. काही न घालणे हाच इथे उपचार आहे, आणि रुग्णाला तो पटवून देणे मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड जाते.

नागपूरचे लग्न चुकवू नये. विमानात कान दुखतो तो पडद्याच्या दोन बाजूंचा दाब सारखा न राहिल्यामुळे. छिद्र असेल तर दाब आपोआप सारखा होतो, त्यामुळे उलट त्रास कमी होतो. छिद्र तोवर भरले असेल तर नवा पडदा पातळ असल्यामुळे विमान उतरताना गिळत राहावे, काहीतरी चघळावे आणि झोपू नये. त्या दिवशी जोराचे पडसे असेल तर मात्र रेल्वेने जावे.

मेअखेरीस छिद्र भरलेले नसेल तर काय? अगदी लहान छिद्राच्या कडा रसायनाने किंचित जाळून, म्हणजे ती शिवली गेलेली कड पुन्हा उघडी करून, त्यावर कागदाचे किंवा जिलेटिनच्या स्पंजाचे ठिगळ ठेवता येते. हे बाह्यरुग्ण विभागातही होते. कानाच्या पाळीतून काढलेला चरबीचा छोटा गोळा छिद्रात बसवण्याची रीतही लहान छिद्रांसाठी चांगली आहे. याहून मोठ्या छिद्रासाठी टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे शरीरातलेच ठिगळ पडद्याला लावण्याची शस्त्रक्रिया, करतात. माणसाने पडद्याला ठिगळ लावण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. लंडनचे कर्णतज्ज्ञ जोसेफ टॉयनबी यांनी १८५३ मध्ये चांदीच्या तारेला लावलेली रबराची चकती कानात बसवून पाहिली होती, पण ती ठिगळे काढता-घालता येणारी होती, जिवंत नव्हती. जिवंत ठिगळाची पद्धतशीर शस्त्रक्रिया १९५०च्या दशकात वुलश्टाइन आणि झोल्नर या जर्मन शल्यचिकित्सकांनी रुळवली. आज कानाच्या वरच्या बाजूला, चावताना हलणाऱ्या स्नायूवरचे पातळ आवरण किंवा कानाच्या पुढच्या कूर्चेवरचे पापुद्र्यासारखे आवरण घेतात, छिद्राच्या कडा ताज्या करतात आणि ते आवरण पडद्याच्या आतून सारवल्यासारखे पसरवतात. ते आवरण स्वतः पडदा होत नाही. चालणाऱ्या त्वचेला पलीकडे जायला तो पूल असतो. दुर्बिणीने नळीतूनच काम झाले तर कानामागे टाकाही पडत नाही. अनुभवी हातात साधारण दहापैकी आठ ते नऊ ठिगळे धरतात. धूम्रपान, सतत वाहणारे नाक आणि ओला कान ही न धरण्याची नेहमीची कारणे आहेत. ऑपरेशननंतर काही आठवडे कान कोरडा ठेवणे, जड न उचलणे आणि विमानप्रवास टाळणे आलेच, आणि ऐकू येण्याची खरी तपासणी तीन महिन्यांनी करतात. जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलू शकते, कारण चवीची एक नस पडद्याच्या मागूनच जाते. याची कल्पना ऑपरेशनआधी दिली जायला हवी.

आता सासूबाईंचा कान. त्यांचे ‘मला काय झाले’ हे म्हणणे मी हजार वेळा ऐकले आहे आणि ते म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरोखरच थोडे कमी ऐकू येण्यापलीकडे काही झालेले नसते. लहानपणी सर्दीतून मध्यकर्णात पू साचला, दाबाने पडदा फुटला, पू वाहून गेला आणि छिद्र राहिले. मग प्रत्येक पडशात घशाकडून आणि प्रत्येक पावसाळ्यात बाहेरून जंतू येत राहिले. छिद्र पडद्याच्या मध्यभागी असेल, वाहणारा द्राव चिकट आणि बिनवासाचा असेल, तर असा कान त्रासदायक असला तरी सहसा धोकादायक नसतो. अशा कानात औषधाने तो कोरडा करून पडदा बसवला तर वाहणे थांबते आणि ऐकू येणेही सुधारू शकते. ५८ हे त्यासाठी काही फार वय नाही आणि मधुमेह ताब्यात असला तर तोही आड येत नाही.

पण आपण पत्राच्या शेवटच्या ओळीत, जवळजवळ जाता जाता, वासाचा उल्लेख केला आहे, आणि संपूर्ण पत्रात मला सर्वाधिक थांबवले ते त्या एका शब्दाने. मघाशी मी त्वचा चालते असे लिहिले. तीच चालणारी त्वचा, पडद्याच्या कडेच्या छिद्रातून किंवा वरच्या भागातील आत ओढल्या गेलेल्या खळग्यातून मध्यकर्णात शिरली, तर तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती तिथेही आपला शिरस्ता सोडत नाही. पापुद्रे टाकत राहते, ते पापुद्रे कांद्याच्या थरांसारखे साचतात, कुजतात, त्यांना वास येतो आणि त्यांची पिशवी वाढत जाऊन शेजारचे हाड खात राहते. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या शेजारी कोण राहते ते पाहावे : आधी ऐरण आणि रिकीब, मग चेहरा हलवणारी नस, तोल सांभाळणारा आंतरकर्ण, आणि वर एका पातळ हाडापलीकडे मेंदूचे आवरण. हा आजार दुखत नाही, द्रावही थोडाच येतो, आणि वर्षानुवर्षे सवय झालेल्या माणसाला बदल कळतच नाही. वास प्रत्येक वेळी याच कारणाने येतो असे नाही. साध्या संसर्गानेही येऊ शकतो. पण या दोहोंतला फरक घरी बसून, नाकाने, कोणालाही करता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली कान स्वच्छ करून पडद्याचा वरचा कोपरा पाहावा लागतो, आणि शंका वाटल्यास कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन करावा लागतो. कोलेस्टिएटोमा निघाला तर थेंबांनी तो जात नाही. मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, शस्त्रक्रिया करून तो मुळापासून काढावा लागतो, आणि तिथे पहिले उद्दिष्ट कान सुरक्षित करणे हे असते, ऐकू येणे सुधारणे हे दुसरे. मधुमेहामुळे अशा कानातील संसर्ग अधिक पसरू शकतो, म्हणून जाताना साखरेचे अलीकडचे रिपोर्ट सोबत न्यावेत.

खर्चाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पत्राच्या दोन ओळींमध्ये मला दिसला. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम या महापालिकेच्या दोन्ही रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत आणि कानाची शस्त्रक्रिया हे तिथले रोजचे काम आहे. शीव तर आपल्या रोजच्या वाटेवरच आहे. केवळ श्रवणचाचणी हवी असेल तर वांद्रे पश्चिमेची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही ती होते. शस्त्रक्रिया ठरली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयात त्या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावे आणि शिधापत्रिका सोबत ठेवावी.

पिशवी फेकणाऱ्याविषयी एकच गोष्ट. प्रवाशांना धोका होईल अशा रीतीने धावत्या गाडीवर काही फेकणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५२ खाली गंभीर गुन्हा आहे. फेकणारा सापडेल असे मी म्हणत नाही, पण पहिल्या तपासणीची चिठ्ठी आणि ऑडिओमेट्रीचा कागद जपून ठेवावा. वैद्यकीयदृष्ट्याही पुढच्या प्रत्येक आलेखाची तुलना त्या पहिल्याशीच होणार आहे.

सासूबाईंना ‘तुम्हाला दाखवायला नेते’ असे म्हटले तर त्या येणार नाहीत, हे आपल्या पत्रावरून कळते. सहा आठवड्यांच्या तपासणीला ‘मला सोबत या’ म्हणून त्यांना न्यावे आणि खिडकीवर एकाऐवजी दोन केस पेपर काढावेत. आपला कान पाहायला डॉक्टरांना पाच मिनिटे पुरतील. त्यांचा कान साफ करून पाहायला, साखर तपासायला आणि लागल्यास स्कॅनची तारीख घ्यायला दुपार होईल, तेव्हा त्या दिवशी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा न टाकता पूर्ण दिवसाची टाकावी.